तिसऱ्या घंटेआधी

साडेपाचच्या प्रयोगाला तबलजी पाचलाच हातोडी घेऊन बसतो. 'सौभद्र' हे संगीत नाटक असेल तर दोन तबले लागतात, एक कृष्ण-अर्जुनाच्या पट्टीचा आणि एक सुभद्रेच्या. पायपेटीचे, म्हणजे ऑर्गनचे, सूर कारखान्यातून येताना ठरलेले असतात, ती कुणासाठी वर-खाली होत नाही. तबल्यालाच तिच्याकडे जावं लागतं. सव्वापाचला दोन्ही तबले ऑर्गनला छान लागलेले असतात. सभागृहाचे दरवाजे उघडे, बाहेरची दमट हवा आत, पंखे मंद.

तेवढ्यात कुणीतरी विंगेत येऊन सांगतं, "साहेब निघालेत." लगेच वातानुकूलन पूर्ण जोरात सुरू होतं. अर्ध्या तासात हवा कोरडी पडते, पुडीचं कातडं ओढलं जातं आणि तबला चढतो. सुभद्रा 'वद जाऊ कुणाला शरण' धरते तेव्हा तबला पेटीच्या सुराला सोडून थोडा वर बोलत असतो. तो उतरवायला तबलजी पदाच्या मध्येच वादीखालचे लाकडी गट्टे वर सरकवतो, पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर खालून ठोकतो. प्रेक्षकांना काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण आज गाणं रंगत नाहीये एवढं कळतं. आणि पहिल्या रांगेत नुकतेच स्थानापन्न झालेले साहेब शेजाऱ्याला सांगत असतात, "आमच्या लहानपणीचं सौभद्र काही औरच."

पुढाऱ्याला जुन्या संगीत नाटकाची आवड असणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. मराठी नाटक सुरूच मुळी एका सत्ताधीशाच्या हौसेतून झालं. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या मंडळींचा खेळ पाहिला, तसं काही मराठीत करा असं आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. या गोष्टीचा पुढचा भाग भाषणात सहसा येत नाही. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि राजाश्रयही गेला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं, तिकीट लावावं लागलं. राजाच्या आवडीने जन्मलेली रंगभूमी तिकिटाच्या पैशावर जगायला शिकली, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने धंदा झाली आणि टिकली.

आश्रय पुढेही मिळत राहिला. बडोद्याच्या सयाजीरावांनी गंधर्व नाटक मंडळीला हात दिला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं. तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, जे ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. पण पुण्याची परंपरा जरा निराळी. इथे गादी नव्हती, होतं ते वर्तमानपत्र. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक केले. त्यानंतर काही महिन्यांतच, १८८१च्या जानेवारीत, 'केसरी' निघाला. दोघांचा वाचक-प्रेक्षक बहुतेक एकच होता, आणि ही गोष्ट टिळकांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

नारायण राजहंस या मुलाचं गाणं ऐकून टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं, ही कथा घरोघरी सांगतात. ती गोड आहे खरी, पण टिळकांचं नाटकाशी खरं नातं कळतं ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांकडे पाहिल्यावर. हा माणूस 'केसरी'त अग्रलेख लिहायचा आणि नाटकंही लिहायचा. १९०७ मध्ये त्यांचं 'कीचकवध' महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. ही मंडळी गद्य नाटकं करणारी, त्यामुळे तान नाही, वन्स मोअर नाही, सगळी भिस्त संवादावर. गोष्ट महाभारतातली, सगळ्यांना पाठ असलेली. पण कीचक बोलू लागला की प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन ऐकू यायचा. सैरंध्री (द्रौपदी) म्हणजे देश, संयम सांगणारा कंकभट (युधिष्ठिर) म्हणजे मवाळ, मुठी आवळणारा बल्लव (भीम) म्हणजे जहाल. हे कुणी जाहिरातीत छापलं नव्हतं आणि कुणाला समजावून सांगावंही लागत नव्हतं.

सरकारला कळायला तीन वर्षं लागली. तोवर टिळक मंडालेला होते. १९१० मध्ये 'कीचकवधा'वर बंदी आली. बंदीसाठी कायदा हाताशी होताच, १८७६चा नाट्यप्रयोग कायदा. एखाद्या नाटकाने राजद्रोह फैलावतो असं वाटलं तर प्रयोग थांबवता येईल, हा त्याचा गाभा. गंमत अशी की हा कायदा इंग्रज गेल्यावरही पुस्तकात पडून होता. केंद्राने तो रद्द केला त्याला अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. महाराष्ट्रात आजही नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते आणि त्यांचं प्रमाणपत्र मिळाल्यावरच प्रयोग लागतो. नाटकावर प्रेम असल्याचं सांगणाऱ्या अनेक सरकारांनी ही व्यवस्था जशीच्या तशी सांभाळली आहे.

टिळक गेल्यावर त्यांच्या नावाने स्वराज्य फंड सुरू झाला, आणि मग व्यवहार उलटा झाला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. एरवी एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या दोन कंपन्या, गंधर्व आणि ललितकलादर्श, एका रात्रीपुरत्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. उत्पन्न टिळक फंडाला. इथे पुढाऱ्याने नाटकाला काही दिलं नाही, नाटकाने राजकारणाला दिलं. धैर्यधराची पदं त्या रात्री जशी झाली त्याच्या आठवणी लोक पन्नास वर्षं सांगत राहिले. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले.

राजकारणाची दारं बंद झाली की काही पुढारी नाटकाच्या दारातून आत आले. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, राजकारण करायला मनाई होती. त्या काळात त्यांनी 'उःशाप' आणि 'संन्यस्त खड्ग' लिहिली. 'संन्यस्त खड्ग' दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीने केलं, चाली वझेबुवांच्या. अमरावतीचे वीर वामनराव जोशी तुरुंग पाहिलेले कार्यकर्ते, त्यांनी 'रणदुंदुभी' लिहिलं. त्यातलं 'परवशता पाश दैवे' आज मैफलीत गायलं जातं तेव्हा लोक तानांना दाद देतात. पारतंत्र्याचा फास हा त्या पदाचा विषय आहे हे बऱ्याच जणांच्या ध्यानातही येत नाही. चाल इतकी चांगली असली की असं होतं.

आजच्या पुढाऱ्याला मात्र 'कीचकवध' किंवा 'रणदुंदुभी'पेक्षा 'सौभद्र' जास्त आवडतं, असं दिसतं. कारण नुसतं गाण्यात नाही. 'सौभद्र' हे मराठीतलं सगळ्यात शुद्ध राजकीय नाटक आहे, फक्त त्याने तलवारीऐवजी मोरपीस लावलंय. मोठ्या भावाने, बलरामाने, बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय. कृष्णाला ती अर्जुनाला द्यायचीय. पण तो बलरामाशी एकदाही उघड भांडत नाही. बैठक बोलावत नाही, निषेध करत नाही. यतिवेशातला अर्जुन बलरामाच्याच भक्तीमुळे घरात येतो, त्याच्या सेवेला सुभद्रेला बलरामच नेमतो. बातम्या पोचवायला नारद आहे, त्याच्यावर कुणी संशय घेत नाही कारण तो सगळ्यांकडेच जातो. अवघड काम करायला घटोत्कच आहे. शेवटी निर्णय बदलतो, आणि बलरामाचा मानही राखला जातो. ज्याने तिकीटवाटपाच्या बैठका पाहिल्यात त्याला हे नाटक पौराणिक वाटतच नाही. पहाटे रुक्मिणीपाशी 'प्रिये पहा' गाणारा कृष्ण इतका निवांत असतो, कारण त्याची सगळी व्यवस्था आधीच लागलेली असते.

ही आवड खोटी नाही. अडचण पुढे येते. पुढाऱ्याच्या आवडीपायी प्रयोगाचं जे होतं, ते एकदा आकड्यांत मांडून पाहायला हवं.

जुन्या 'शाकुंतलात' दोनशेच्या आसपास पदं होती, 'सौभद्रात' शंभराच्या वर. तेव्हा नाटक रात्रभर चालायचं. आता साडेपाचचा प्रयोग म्हणजे हातात तीन तास. मागच्या दाराशी साडेनऊच्या नाटकाचा टेम्पो आठपासूनच उभा असतो. त्यांना नेपथ्य लावायला, प्रकाश जुळवायला पाऊण तास तरी हवा, आणि त्याआधी आपलं नेपथ्य उतरवायलाही थोडा वेळ. म्हणजे पडदा साडेआठच्या आसपास पडलाच पाहिजे. वीस-बावीस पदं ठेवली, प्रत्येकाला सरासरी चार मिनिटं धरली, तरी नव्वद मिनिटं गाण्यात जातात. मध्यंतर पंधरा मिनिटं. उरलेल्या सव्वा तासात सगळा गद्य भाग आणि पडदे बदलणं. दोन-तीन वन्स मोअर आले तर दिग्दर्शक आनंदतो आणि घड्याळ पाहतो. मोकळी जागा जवळजवळ नसते.

आता साहेब पंचवीस मिनिटं उशिरा आले आणि त्यांच्यासाठी तिसरी घंटा थांबवली, तर सहा पदं गेली. कुठली जातात? लोकप्रिय पदाला हात लावता येत नाही, लोक त्यासाठीच आलेले असतात. मग सूत्रधार-नटीचा प्रवेश उडतो. मग नारदाचं एखादं पद. मग नारद-अर्जुन भेटीतले संवाद निम्म्यावर येतात. आणि इथेच नाटक लंगडं होतं, कारण सुभद्रा दुर्योधनाला देणार आहेत ही बातमी अर्जुनाला त्याच भेटीत कळते. ती घाईत उरकली की नवीन प्रेक्षकाला अर्जुन संन्यास का घेतोय ते उमगत नाही. मग तो बाहेर जाऊन म्हणतो, जुन्या नाटकात कथा अशी काही नसतेच हो, नुसती गाणी. जुन्या नाटकाची ही बदनामी बऱ्याचदा अशा पंचवीस मिनिटांची असते.

दुसरं प्रकरण मध्यंतरातल्या सत्काराचं. आयोजक म्हणतात, दहाच मिनिटं. पण दुसऱ्या भागाचं नेपथ्य पडद्यामागे लागलेलं असतं, त्याच्यापुढे टेबल, खुर्च्या, समई आणि पोडियम आणायचा. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, मग "दोन शब्द". एवढ्यात अर्धा तास जातो. या अर्ध्या तासात विंगेत शालू नेसून, दागिने घालून उभ्या असलेल्या सुभद्रेचा गळा थंड पडतो. पहिल्या भागात तापलेला आवाज पुन्हा वर न्यायला एक पद खर्ची पडतं, आणि नेमकं ते पद दुसऱ्या भागातलं पहिलं म्हणजे महत्त्वाचं असतं. टेबल ओढताना जमिनीवरच्या खुणा पुसल्या जातात, मग चौरंग हातभर सरकून बसतो आणि कृष्ण उजेडाच्या बाहेर उभा राहून गातो. पोडियमचा माइक बंद करायला कुणी विसरलं तर पहिल्याच आलापाला शिट्टी येते. सत्कार करायचाच असेल तर भरतवाक्यानंतर, म्हणजे नाटकाच्या शेवटच्या पदानंतर करावा, कलाकारांना बोलावून, उभ्या-उभ्या, पाच मिनिटांत. ज्याला नाटक खरोखर आवडतं तो पुढारी हे स्वतःहून सुचवतो, आणि असे पुढारी आहेत.

बसण्याचाही एक मुद्दा आहे. पहिली रांग, सोफा, ही मानाची जागा. ऐकण्याची नाही. ऑर्गन-तबल्याच्या अंगावर बसल्यावर गायकाचा आवाज साथीत बुडतो, आणि मान वर करून पाहावं लागतं. नाटक पाहायचं असेल तर सातवी-आठवी रांग, मध्ये. शिवाय पुढाऱ्यासाठी पहिल्या तीन रांगा राखून ठेवल्या आणि त्यातल्या निम्म्या रिकाम्या राहिल्या, तर नटाला समोर फक्त खुर्च्या दिसतात. संगीत नाटकातला नट प्रेक्षकांच्या चेहऱ्यावर तान वाढवतो किंवा आवरती घेतो. चेहरेच नसतील तर तो अंदाजाने गातो.

आणि लवाजमा. तो रंगमंचाकडे पाहत नसतो, साहेबांच्या पाठीकडे पाहत असतो. साहेबांनी मान डोलावली की चाळीस टाळ्या पडतात, बऱ्याचदा तान समेवर यायच्या आत. गायक बिचारा ती तान घाईने मिटवतो. मग मध्यंतरात साहेबांना फोन येतो, ते उठतात, आणि त्यांच्यामागे चाळीस माणसं उठतात. दुसऱ्या भागाचा पडदा उघडतो तेव्हा पुढचा पट्टा ओसाड असतो.

वाढदिवसाला मोफत प्रयोग ठेवणं हा त्याहून जुना रोग. हेतू चांगला असतो, नाट्यसंस्थेला त्या प्रयोगाची पूर्ण रक्कम मिळते, तक्रारीला जागा नसते. पण त्याच नाटकाचा पुढच्या पंधरवड्यातला तिकीट-प्रयोग खिडकीवर पडतो. फुकट पाहिलेलं नाटक माणूस विकत पाहत नाही, आणि "पुन्हा साहेब ठेवतीलच की" ही वाट तो पाहत बसतो. भाव्यांनी १८५१ नंतर जे महाराष्ट्राला शिकवलं, ते यात उलटं फिरतं. त्यापेक्षा खिडकीवरून दोनशे तिकिटं रोखीने घ्यावीत आणि गाणं शिकणाऱ्या मुलांना द्यावीत. ती मुलं शेवटपर्यंत बसतात, कारण त्यांना त्या चाली उतरवून घ्यायच्या असतात.

पुण्यात या नात्याची एक चांगली बाजूही उभी आहे, जंगली महाराज रस्त्यावर. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. उद्घाटन झालं २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या जयंतीला. पण ते त्याआधीच्या जुलैत गेले होते. उद्घाटनाला यशवंतराव चव्हाण आले, तेव्हा ते देशाचे गृहमंत्री होते. नऊशे एकोणनव्वद खुर्च्यांच्या त्या इमारतीवर मंत्र्याचं नाव नाही, नटाचं आहे. आत गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. पुढे कोथरूडला यशवंतरावांच्या नावाने नाट्यगृह झालं, म्हणजे हिशेब एका अर्थी फिटला. बालगंधर्व पाडून नवीन बांधायचं की दुरुस्त करायचं यावर मात्र पुण्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे, आणि त्या वादात दोन्ही बाजूंचे पुढारी स्वतःला नाट्यप्रेमीच म्हणवतात.

जुन्या नाटकावरचं प्रेम स्वस्त पडतं, हेही कबूल करायला हवं. 'शारदा' १८९९चं. म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या मुलीची गोष्ट. १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक शारदा कायदा म्हणतात, आणि अनेकांना वाटतं की तो देवलांच्या नाटकावरून आला. तो हरबिलास सारडांच्या नावावरून आला. पण गैरसमज गोड आहे आणि कुणाला झोंबत नाही. झोंबणारं नाटक आलं की प्रेमाची परीक्षा होते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' झालं. नाना फडणवीस सत्तेचा कारभार कसा चालवतात ते गाण्या-नाचातून दिसलं, आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवावं लागलं. करणाऱ्यांनी थिएटर अॅकॅडमी नावाची नवी संस्था काढून ते पुन्हा उभं केलं. 'कीचकवध' अडलं इंग्रज सरकारमुळे. 'घाशीराम' आपल्याच माणसांमुळे अडलं. आज दोन्ही 'अभिजात' आहेत, आणि अभिजात झाल्यावर त्यांचा उल्लेख भाषणात करायला कुणालाच भीती वाटत नाही.

तरीही एखादा पुढारी असा असतो, जो सव्वापाचला येतो. दारात पास दाखवतो. गाडी आतपर्यंत आणत नाही, कारण ती मागच्या टेम्पोच्या वाटेत उभी राहील हे त्याला ठाऊक असतं. सातव्या रांगेत कडेची खुर्ची घेतो, म्हणजे अंगरक्षकाला दाराशी उभं राहता येतं आणि कुणाच्या पायांवरून जावं लागत नाही. वातानुकूलन साडेचारलाच लावलेलं असलं तर त्याच्या येण्याने तबला हलत नाही. नांदी होते, नारद येतो, संवाद पूर्ण होतात, संन्यासाचं कारण सगळ्यांना कळतं. मध्यंतरात तो बटाटेवडा खातो, दोन लोक ओळखतात, नमस्कार होतो. भरतवाक्याला तो उभा राहत नाही, बसून राहतो, कारण मागच्यांना दिसायचं असतं.

साडेआठला पडदा पडतो. मागे लगेच ठोकाठोक सुरू होते, द्वारकेचे खांब आडवे होतात. सभागृहात झाडणारा माणूस पाचव्या रांगेपर्यंत येतो, सातव्या रांगेत कुणीतरी अजून बसलेलं पाहून थांबतो आणि म्हणतो, "साहेब, जरा पाय घ्या."